ड्रिल मशीन, पक्के बिल आणि कार्बनची जोडी

लातूरच्या गंजगोलाईची उभारणी 1917 सालची. मधोमध अंबाबाईचे मंदिर, भोवती गोलाकार दुमजली इमारत आणि तिथून फुटणारे सोळा रस्ते. निजामाच्या राज्यातल्या या बाजारपेठेत मालामालाच्या ओळी बसल्या. भुसार लाईन, कापड लाईन, सराफ लाईन ही नावे आजही लोकांच्या तोंडी आहेत. त्याच 1917 साली अमेरिकेत ब्लॅक अँड डेकर या कंपनीला एका ड्रिल मशीनचे पेटंट मिळाले. पिस्तुलासारखी मूठ, बोटाखाली खटका आणि एकट्या माणसाला हातात धरता येईल एवढा आकार. आज जगभर विकल्या जाणाऱ्या ड्रिल मशीनचा घाट तिथून आला. ते यंत्र मराठवाड्यातल्या साध्या घरात पोचायला मात्र कित्येक दशके जावी लागली.

याचे कारण पैशाइतकेच घरांच्या बांधणीत होते. पूर्वी हत्यार कारागिराचे असे. सुतार आणि लोहार गावचे बलुतेदार. त्यांच्या कामाचा मोबदला खळ्यावर धान्याच्या रूपात मिळे. रस्त्याकडेला भाता लावून बसणारे घिसाडी विळा, खुरपे, कुऱ्हाड घडवून देत. घरे माळवदाची होती: लाकडी खांब, तुळया, दगड-मातीच्या दीड-दोन हात जाडीच्या भिंती आणि वर मातीचा जाड थर. खुंटी भिंत रचतानाच बसवली जाई आणि नंतर काही टांगायचे झाले तर खांबात खिळा ठोकला की भागे. भोक पाडायला यंत्र लागावे असे त्या घरात फारसे काही नव्हते.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी किल्लारीला भूकंप झाला आणि त्याच जाड भिंती, तेच माळवद झोपलेल्या माणसांच्या अंगावर आले. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली 52 गावे नव्या जागी वसवावी लागली. दगड-मातीच्या भिंतीवरचा विश्वास उडाला तो कायमचा. पुढच्या तीस वर्षांत सिमेंटचे ब्लॉक, पिलर आणि स्लॅब हेच घराचे रूप झाले. अशा घरात पिलरवर खिळा ठोकायला गेले की खिळाच वाकतो. पंखा, पडद्याचा रॉड, पाण्याचा फिल्टर, इन्व्हर्टरचा स्टँड, प्रत्येक गोष्टीला भोक पाडावे लागते, आणि एका भोकासाठी मिस्त्रीला बोलवायचे तर त्याची सवड पाहावी लागते. मग घरात एक मशीन असावी असे वाटू लागते आणि माणूस हार्डवेअरच्या दुकानाची पायरी चढतो.

अमेरिकेत अशा माणसासाठी होम डेपोसारखी अवाढव्य दुकाने आहेत. 1979 साली अटलांटा शहरात होम डेपोची पहिली दोन दुकाने उघडली. तिथल्या मराठी कुटुंबांना नोव्हेंबरातला ‘ब्लॅक फ्रायडे’ आणि जूनमधल्या ‘फादर्स डे’चे सेल चांगले ठाऊक असतात. तिथे सवलत कपाटावर छापलेली असते, गिऱ्हाईक ट्रॉली ढकलत जाते आणि कुणाशी बोलायची गरज पडत नाही. नांदेडच्या जुन्या मोंढ्यात, इतवाऱ्यात किंवा वजिराबादेत आणि लातूरच्या गोलाईभोवती सवलत दुकानदाराच्या तोंडात असते. “किती लेस करणार?” या प्रश्नाने व्यवहार सुरू होतो आणि “नेट सांगा” यावर येऊन ठरतो. ही पद्धत वाईट नाही. फक्त तिथे काय विचारायचे ते आधी माहीत हवे, कारण न विचारलेल्या गोष्टीची किंमत नंतर मोजावी लागते.

पहिली बचत खोक्यावरच्या टक्क्यांत नसून योग्य मशीन निवडण्यात आहे. साधी ड्रिल, इम्पॅक्ट ड्रिल आणि रोटरी हॅमर या तीन वेगळ्या वस्तू आहेत. इम्पॅक्ट ड्रिलमध्ये दोन दातेरी चकत्या एकमेकींवर घसरतात आणि बिटाला बारीक धक्के देतात. त्या धक्क्याचा जोर माणूस किती दाबतो त्यावर ठरतो. विटेच्या किंवा ब्लॉकच्या भिंतीत सहा-आठ मिलिमीटरचे भोक तिने आरामात पडते. पिलरमध्ये किंवा काळ्या दगडात मात्र तीच मशीन धूर काढू लागते. रोटरी हॅमरच्या पोटात दट्ट्या असतो. हवेच्या दाबाने तो बिटाच्या मागे ठोकत राहतो, त्यामुळे माणसाला फक्त मशीन धरून ठेवावी लागते. बॉश कंपनीने असा हॅमर 1932 साली बाजारात आणला, आणि आज हॅमरच्या बिटाच्या दांड्यावर ज्या खाचा दिसतात ती एसडीएस-प्लस पद्धत 1975 ची. घरमालकाला वर्षातून दहा-वीस भोके पाडायची असतील तर 13 मिलिमीटर चकाची इम्पॅक्ट ड्रिल पुरते. फॉल्स सिलिंग, पाइपलाइन किंवा सोलर पॅनेल बसवणाऱ्याने मात्र सुरुवातीलाच हॅमर घ्यावा. दोन हजार वाचवायला ड्रिल घ्यायची, ती स्लॅबवर जाळायची आणि मग हॅमर घ्यायचा, यात सवलत कसली?

आता छापील किमतीकडे वळू. खोक्यावरचा एमआरपी सर्व करांसह असतो आणि त्याहून एक रुपया जास्त घेणे कायद्याने गुन्हा आहे. पण एमआरपी ही कमाल मर्यादा आहे; त्या भावाने हत्यारे सहसा कुणी विकत नाही. म्हणून “45 टक्के सूट” या शब्दांना स्वतःचा असा अर्थ नाही. समजा एका ग्राइंडरवर 6,000 रुपये छापले आहेत. 45 टक्के कमी करून तो 3,300 ला मिळतो. शेजारच्या दुकानात तशाच ताकदीच्या, दुसऱ्या कंपनीच्या ग्राइंडरवर 4,200 छापले असून तो 20 टक्के कमी करून 3,360 ला मिळतो. टक्क्यांत जमीन-अस्मानाचा फरक आणि पैशांत साठ रुपयांचा. विचारायचे ते एवढेच: बिलासह नेट किती, आणि त्या रकमेत बरोबर काय काय येते? जादा मूठ, चकाची चावी, खोली मोजायची पट्टी, बिटांचा संच, प्लास्टिकची पेटी यांतले काही खोक्यात असते, काही नसते.

‘बिलासह’ या शब्दावर थोडे थांबायला हवे, कारण मराठवाड्यातल्या बाजारात सगळ्यात महाग पडणारी सवलत तिथेच लपलेली असते. हातात धरून चालवायच्या यंत्रांवर 18 टक्के जीएसटी आहे. वरच्या 3,300 रुपयांत मशीनची मूळ किंमत सुमारे 2,797 आणि कर सुमारे 503 रुपये होतो. दुकानदार म्हणतो, “बिल नको असेल तर तीन हजार द्या.” तीनशे रुपये वाचल्यासारखे वाटतात. घेणारा वेल्डिंग-फॅब्रिकेशनचा व्यवसाय करणारा असेल आणि त्याची जीएसटी नोंदणी असेल, तर पक्क्या बिलावरचे 503 रुपये त्याच्या खात्यात जमा धरले जातात. म्हणजे बिलाची मशीन त्याला 2,797 ला पडली आणि बिनबिलाची तीन हजाराला. एक बारकावा लक्षात ठेवावा. दुकानदार कंपोझिशन योजनेत असेल तर तो कर वेगळा दाखवणारे बिल देऊ शकत नाही आणि ते पैसे वळते होत नाहीत. मोठी मशीन घेताना हे आधीच विचारून घ्यावे. घरगुती गिऱ्हाइकाला कर परत मिळत नाही, पण त्याची वॉरंटी त्या कागदावरच उभी असते. बहुतेक कंपन्या सहा महिने ते वर्षभर वॉरंटी देतात, काहींची मशीनची ऑनलाइन नोंदणी केल्यावर वाढते. दुकानाचा शिक्का, तारीख आणि सिरियल नंबर असलेले बिल नसेल तर सर्व्हिस सेंटरवर बोलणेच खुंटते.

यानंतरचा प्रश्न बहुतेक गिऱ्हाइके विचारत नाहीत आणि मिस्त्री मात्र सगळ्यात आधी विचारतो: “कार्बन मिळतो का इथे?” वायरवर चालणाऱ्या बहुतेक ड्रिल आणि ग्राइंडरच्या मोटारीत कार्बनच्या दोन छोट्या वड्या असतात. फिरत्या आर्मेचरला त्या घासून वीज पोचवतात, त्यामुळे झिजतात. झिजणे हेच त्यांचे काम. मशीनच्या पाठीशी ठिणग्या वाढल्या, मशीन मधेच बंद पडून हलवल्यावर पुन्हा सुरू झाली, की कार्बन संपला असे समजावे. जोडी थोड्या रुपयांत मिळते आणि स्क्रू ड्रायव्हरने पाच मिनिटांत बदलते. पण ती न बदलता मशीन रेटली तर आर्मेचरवरच्या तांब्याच्या पट्ट्या जळतात, आणि आर्मेचर-फिल्डचा खर्च स्वस्त मशीनच्या निम्म्या किमतीपर्यंत जाऊ शकतो. कार्बन, वायर आणि चक वॉरंटीत सहसा बसत नाहीत. म्हणून ज्या मशीनचा कार्बन, आर्मेचर आणि स्विच आपल्या तालुक्यात किंवा निदान नांदेड-लातूरला मिळतो ती पाचशे रुपये महाग असली तरी घ्यावी. बॉश, मकिता, डीवॉल्ट अशी परदेशी नावे सगळ्यांना माहीत आहेत. महाराष्ट्रातही हे उत्पादन जुने आहे. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळला 1976 साली सुरू झालेली कुलकर्णी पॉवर टूल्स आज ‘केपीटी’ या नावाने ओळखली जाते.

दुकानातच खोके उघडायला लाजू नये. मशीनवरची धातूची किंवा चिकटवलेली पट्टी वाचावी: व्होल्ट, वॉट, मिनिटाला फेरे आणि सिरियल नंबर. तोच नंबर खोक्यावर आणि बिलावर हवा. चौकोनात चौकोन अशी खूण दिसली तर मशीनला दुहेरी आवरण आहे, तिला अर्थिंगची वायर लागत नाही आणि म्हणून तिचा प्लग दोन पिनांचा असतो. नावाजलेल्या कंपनीची मशीन नेहमीच्या भावाच्या निम्म्यात कुणी देत असेल तर ती बहुधा नक्कल असते; रंग तंतोतंत, वजन हलके, नावात एखादे अक्षर इकडचे तिकडे आणि आत तांब्याऐवजी अॅल्युमिनियमचे वायंडिंग. बाहेरून आयात केलेल्या मालाच्या खोक्यावर आयातदाराचे नाव-पत्ता आणि मूळ देश छापणे बंधनकारक आहे. तो मजकूर नसेल तर खोके तिथेच ठेवावे.

बॅटरीवर चालणाऱ्या मशीनबाबत फसगत आकड्यांची होते. लिथियम-आयनचा एक सेल सुमारे 3.6 व्होल्टचा, असे पाच ओळीने जोडले की 18 व्होल्ट होतात. पूर्ण चार्ज केल्यावर प्रत्येक सेल थोडा वर जातो, म्हणून काही कंपन्या त्याच बॅटरीवर ‘20 व्होल्ट मॅक्स’ लिहितात. 18 आणि 20 मध्ये ताकदीचा फरक नाही. पण बिननावाच्या मशीनवर 48, 88, अगदी 128 असे आकडे छापलेले असतात आणि आत बऱ्याचदा तेच पाच सेल निघतात. खरी ओळख पटवायची तर व्होल्टला अँपिअर-अवरने गुणावे: 18 व्होल्ट आणि 2 अँपिअर-अवर म्हणजे 36 वॉट-अवर ऊर्जा. दुसरी गोष्ट अशी की एका कंपनीची बॅटरी दुसऱ्या कंपनीच्या मशीनला बसत नाही. ‘ड्रिलसोबत दोन बॅटऱ्या स्वस्तात’ ही योजना घेताना पुढचा ग्राइंडर आणि ब्लोअरही त्याच कंपनीचा घ्यावा लागणार हे ठरून जाते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात आणखी एक काळजी. मे महिन्यात पारा 42-43 अंशांवर असतो, आणि बऱ्याच बॅटऱ्या 45 अंशांच्या वर चार्ज करू नयेत असे पुस्तिकेत लिहिलेले असते. पत्र्याच्या शेडमध्ये किंवा उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ठेवलेली बॅटरी दोन उन्हाळ्यांत म्हातारी होते.

वायरच्या मशीनचा शत्रू म्हणजे लांब आणि बारीक वायर. शेतातल्या शेडवर काम काढले की विहिरीवरच्या बोर्डापासून पन्नास मीटर वायर ओढली जाते. वायर 1 चौरस मिलिमीटर जाडीची असेल आणि चॉप सॉ 10 अँपिअर खेचत असेल, तर वायरीतच 17-18 व्होल्ट खर्ची पडतात. आधीच लाईनवर 230 ऐवजी 190 व्होल्ट येत असतील तर मशीनच्या वाट्याला 172 उरतात. मग मशीन रेंगाळते, माणूस जास्त दाबतो, आर्मेचर तापते. सवलतीत वाचलेले पैसे अडीच चौरस मिलिमीटरच्या वायरीत घालणे हा अशा ठिकाणी सगळ्यात शहाणा खर्च.

स्वस्त माल घेताना एका वस्तूबाबत कधीही तडजोड करू नये, ती म्हणजे ग्राइंडरची कटिंग डिस्क. चार इंची ग्राइंडर मिनिटाला साधारण 11,000 फेरे घेतो. डिस्कची कडा त्या वेळी ताशी 200 किलोमीटरहून जास्त वेगाने धावत असते. डिस्क रेझिनने बांधलेली असते आणि हे रेझिन जुने होते, ओल धरते. म्हणून मधल्या भोकाभोवतीच्या धातूच्या कड्यावर बारीक अक्षरांत महिना आणि वर्ष ठोकलेले असते. ते वर्ष उलटून गेले असेल तर डिस्क फुकट दिली तरी घेऊ नये. पावसाळ्यात गोदामात पडून राहिलेला माल दिवाळीआधी घाऊक भावात काढला जातो, तेव्हा हे कडे जरूर वाचावे. ग्राइंडरला लाकूड कापायचे दातेरी पाते लावणे, जाळी काढून टाकणे, चष्म्याशिवाय काम करणे हे दृश्य नांदेड-लातूरच्या रस्त्यांवर रोज दिसते आणि अंगावर काटा येतो. शंभर-दीडशे रुपयांचा चष्मा मशीनसोबत मागून घ्यावा. चांगला दुकानदार तो तसाच देतो.

खरेदी कधी करावी याचेही एक गणित आहे. सोयाबीनचे पैसे ऑक्टोबरात हातात येतात, मग दिवाळीपासून बांधकामे सुरू होतात आणि मागणी वाढते. खंडेनवमीला अवजारांची पूजा होते, दसरा-पाडव्याला नवी मशीन घेण्याची हौसही असते; मुहूर्तावर बिटांचा संच किंवा पेटी भेट मिळते, भाव मात्र फारसा उतरत नाही. काम थंडावलेल्या पावसाळ्यात आणि विक्रीचे टार्गेट गाठायच्या घाईत असलेल्या ‘मार्च एंड’ला घासाघीस जास्त फळते. ऑनलाइनवर ‘फक्त दोनच शिल्लक’ अशी खोटी घाई दाखवणे केंद्र सरकारच्या नोव्हेंबर 2023 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार निषिद्ध आहे, तेव्हा त्या लाल अक्षरांनी गडबडून जाऊ नये. नांदेडहून हैदराबादच्या राणीगंजला आणि लातूरहून पुण्याच्या बोहरी आळीला माल आणायला जाणारे कारागीर आहेत. पाच-सहा मशीन एकदम घ्यायच्या असतील तर ती फेरी परवडते. एका ड्रिलसाठी तीनशे किलोमीटर जायचे आणि ती बिघडली की पुन्हा तिकडेच धाडायची, हा व्यवहार तोट्याचा. आणि एकदाच लागणारी मशीन, जुनी फरशी फोडायचा ब्रेकर किंवा स्लॅबचा व्हायब्रेटर, ती तर विकत घेऊच नये. सेंट्रिंगचे सामान भाड्याने देणाऱ्यांकडे ती दिवसाच्या भाड्याने मिळते.

सुतार, लोहार, गवंडी, कुलूप दुरुस्त करणारे अशा कारागिरांसाठी सरकारी मदत आहे आणि ती मागायला संकोच नको. पंतप्रधान विश्वकर्मा योजना 17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झाली. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचीच ती तारीख. अठरा व्यवसायांतल्या कारागिरांना पाच ते सात दिवसांचे प्रशिक्षण, त्या काळात रोज 500 रुपये आणि अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंतचे ई-व्हाउचर मिळते. पुढे पाच टक्के व्याजाने आधी एक लाखापर्यंत आणि नंतर दोन लाखांपर्यंत कर्ज मिळू शकते. नोंदणी गावातल्या सीएससी केंद्रावर होते आणि लाभ कुटुंबातल्या एकालाच. 15,000 रुपये म्हणजे सुतारासाठी एक ड्रिल, एक मार्बल कटर आणि एक इलेक्ट्रिक रंधा यांच्या किमतीच्या आसपासची रक्कम. दुकानातल्या कुठल्याही टक्क्याहून ती मोठी आहे.

एवढे करूनही मशीन सदोष निघाली तर? बिलावर ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असे छापलेले पाहून बरेच जण गप्प बसतात. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर 30 दिवसांत, परत घ्यायला नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल न देणे हीसुद्धा. धंद्यासाठी घेतलेली वस्तू या कायद्यात बसत नाही, असे कारागिरांना सांगून परत पाठवले जाते. पण स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वतः चालवायला घेतलेल्या मशीनचा मालक कायद्याने ग्राहकच ठरतो. सुतार, फॅब्रिकेटर, फरशीवाला हे सगळे त्यात आले. माल हैदराबादेतून किंवा ऑनलाइन घेतलेला असला तरी तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात, म्हणजे लातूर किंवा नांदेडच्या ग्राहक आयोगात करता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी तिथे शुल्क लागत नाही आणि तक्रारीची मुदत दोन वर्षे आहे. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर फोन करावा. पुष्कळ प्रकरणे तिथेच मिटतात. फोन लावताना बिल, सिरियल नंबर आणि मशीनचा फोटो समोर ठेवावा.